डाळिंबी गाडीचं बाळंतपण

पेंटरनं गाडीला रंग द्यावा आणि गप्प राहावं, अशा मताची मी आहे. आमच्या पेंटरला ते जमलं नाही. त्यानं उपमा दिली. मी अमरावतीत शाळेत मराठी शिकवते, पोट्ट्यांना उपमा अलंकार समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण एका उपमेनं घरात एवढा धिंगाणा घातलेला मी तोवर पाहिला नव्हता.

गाडी मूळची माझ्या दादाची. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, अकोल्याला त्याचं कापडाचं दुकान आहे. त्यानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी मला दिली आणि देताना म्हणाला, "हिले जप वं. तुया हातात कपबशी टिकत नाही." मला राग आला, आणि त्या रागातच मी गाडी आमच्या फाटकाला घासली. पुढे बडनेऱ्याजवळ म्हैस आडवी आली, मग एका भाजीवाल्याचा गाडा आडवा आला, मग काहीच आडवं आलं नाही तरी घासली. पांढऱ्या गाडीच्या अंगभर ओरखडे झाले आणि प्रत्येक ओरखड्यामागची वेगळी गोष्ट मी दादाला सांगत गेले. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि बॉनेटवरून नुसता तळहात फिरवायचा. जन्म कापडाच्या दुकानात गेलेला माणूस. डोळ्यांवर त्याचा भरवसा नाही, जे पाहायचं ते हातानं पाहतो. त्याचा तो फिरणारा हात मला शिव्यांपेक्षा जास्त लागायचा.

तर दादाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न ठरलं. मुलगा परतवाड्याचा, लग्न अकोल्याला, संक्रांत झाल्यावर. आणि या पोरीनं हट्ट धरला की बिदाईला ती आपल्या जुन्या गाडीतच बसणार. मला फोनवर म्हणाली, "आत्या, त्या गाडीत मी शाळेत गेले, त्या गाडीत मला गोवर निघाला, दहावीचा निकाल लागला तेव्हा त्याच गाडीच्या मागच्या सीटवर रडले. आता रडायला भाड्याची गाडी कशाला?" मला हे शंभर टक्के पटलं.

दादाला पटलं नाही. "मायी पोरगी त्या डबड्यात जाणार नाही," म्हणाला. पोरीनं अबोला धरला तेव्हा कुठे नरमला, पण अट घालूनच. "नवा रंग दे गाडीले. कार्यालयाच्या दारात मी हात फिरवून पाहीन. हाताले एक जरी खडबड लागली तं पोरगी भाड्याच्या पांढऱ्या गाडीत जाईन." आणि पठ्ठ्यानं ती पांढरी गाडी सांगूनही ठेवली. माझ्यावर एवढा विश्वास. मी मनाशी म्हटलं, बघ आता. भाचीचा हट्ट पुरवायचा होता हे खरंच, पण त्याहून मला दादाचा तो हात जिंकायचा होता.

बडनेरा रोडच्या एका गल्लीत पेंटरची शेड आहे. रंग भाचीनं निवडला, डाळिंबी. पेंटरनं आज देतो, उद्या देतो करत गाडी हातात दिली तोवर लग्नाला महिना-सव्वा महिना उरला होता. पण काम असं केलं होतं की मला माझंच तोंड त्या दारात दिसलं आणि केस रंगवायला झालेत हेही दिसलं. गाडी आणायला सासूबाई सोबत होत्या, कारण डोळ्यांच्या डॉक्टरकडून आम्ही तशाच तिकडे गेलो होतो. काळा चष्मा लावून त्या शेडमधल्या स्टुलावर पेरू खात बसल्या.

पेंटर म्हणाला, "मॅडम, रंग वरून सुकला दिसते, पण आतून कच्चा हाये. सव्वा महिना हिले बाळंतीण समजा."

मग त्यानं पथ्य सांगितलं. शाम्पू नाही, पॉलिश नाही, फडक्यानं घासायचं नाही, झाडाखाली उभी करायची नाही, पाखरानं घाण केली तर वाळायच्या आत साध्या पाण्यानं उतरवायची. "अन् झाकू नका बिलकुल. उघडी ठेवा, हवा लागू द्या."

सासूबाईंचा पेरू तिथेच थांबला. घरी येईपर्यंत अर्धा पेरू त्यांच्या हातातच होता. गाडी अंगणात लागली तेव्हा म्हणाल्या, "बाळंतिणीले हवा लागू द्या म्हणते हा. याच्या घरच्या बायकांचे काय हाल असतीन?"

"आई, गाडीबद्दल बोलत होता तो."

"मंग बाळंतीण कावून म्हणला?"

उपमेत दोन गोष्टींमधला एखादा गुण सारखा असतो, बाकीचं सोडून द्यायचं असतं, हे मी नववीच्या वर्गाला सांगू शकते. सासूबाईंना सांगू शकत नाही.

कारण सासूबाई मूळच्या अचलपूरच्या आणि बाळंतपण हा त्यांचा प्रांत. नात्यातल्या, शेजारपाजारच्या, कुणाकुणाच्या बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेल्या, त्यात एक मी. माझं बाळंतपण मे महिन्यात झालं. अमरावतीचा मे. बाहेर पाखरं झाडावरून पडत होती आणि मी कान बांधून, गोधडी पांघरून, खाटेखाली शेगडी घेऊन डिंकाचे लाडू खात होते. एकदा त्यांचा डोळा चुकवून पंखा लावला तर तो त्यांनी बटणापाशी नाही, मीटरपाशीच बंद केला. मी त्या महिन्यात मनातल्या मनात त्यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण सुरुवातीला या उपमेनं फायदाच झाला. आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नाही, पूजा मात्र करता येते. त्यांनी तेलात कुंकू कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढायची तयारी केली होती, लिंबू-मिरचीही आणून ठेवली होती. मी ओरडले तर त्यांनी ऐकलं नसतं. सासूबाईंनी नुसतं म्हटलं, "सव्वा महिना देवाधर्माचं काई नाही. सोयर हाये." आमचे हे कुंकवाची वाटी घेऊन मुकाट्यानं मागे फिरले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या, त्यातल्या एकीनं कौतुकानं गाडीलाही बोट लावायला हात पुढे केला, तर सासूबाई फाटकातून म्हणाल्या, "शिवू नको वं. विटाळ व्हईन तुले." त्या बाईनं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाण न घेताच गेली. गल्लीत आमच्याबद्दल काय काय बोललं गेलं असेल ते असो. रंग वाचला.

माझी लढाई साळुंक्यांशी होती. शेजारच्या कडुनिंबावर त्यांची वस्ती, आणि आमच्या अंगणात डाळिंबी रंगाचं एवढं मोठं काहीतरी आल्यावर त्यांना राहवेना. मी शाळेतून आले की पाण्याची बाटली घेऊन पायरीवर बसायची. पेपर तपासायचे, वर बघायचं, हाकलायचं, पडलंच तर धावत जाऊन पाणी ओतायचं. शेजारी म्हणाले, "मॅडम, पाखरं हायेत, देवाची लेकरं." मी म्हटलं, मग देवाच्या गाडीवर बसवा त्यांना. तेव्हापासून ते कुटुंब माझ्याशी बोलत नाही आणि मलाही काही अडत नाही.

दादाचा रोज फोन. "कशी हाये गाडी?" मी म्हणायची, आरसा आहे आरसा. भाची मागून ओरडायची, "आत्या, जप." बऱ्याच दिवसांनी मला दादासमोर ताठ मानेनं बोलता येत होतं, आणि खरं सांगते, फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात शाळेनं मला प्रशिक्षणाला नांदगाव खंडेश्वरला पाठवलं. नवा रंग रस्त्यावरच्या गिट्टीत न्यायचा नाही म्हणून मी एस.टी.नं गेले आणि रात्री तिथेच एका मैत्रिणीकडे राहिले. नेमकी त्याच रात्री थंडी उतरली. आमच्याकडे थंडी येते ती अशी न सांगता, पाहुण्यासारखी. मी घरी फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, "तू काळजी नको करू. मी हाये ना तिच्यापाशी." मी निवांत झोपले. ती माझी त्या लग्नसराईतली शेवटची निवांत झोप.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी फाटक उघडलं. अंगणात गाडी नव्हती. गाडीच्या जागी गोधड्यांचा ढीग होता. एकावर एक गोधड्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी चहूबाजूंनी आवळलेल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून बॉनेटवर ज्वारीनं भरलेल्या चुंगड्या ठेवलेल्या. पुढे शेगडी, तिच्यावर ओवा आणि शेपा टाकून धुरी चाललेली. दोन्ही बाजूंच्या आरशांना लोकरीच्या कानटोप्या. आमचे हे पायरीवर बसून शिंकत होते, कारण त्यांतली एक कानटोपी त्यांची होती.

"आई, हे काय आहे?"

"काल लय गारठा होता. कान बांधले तिचे. बाळंतिणीच्या कानात हवा गेली का जन्माचं दुखणं."

मी चुंगड्या उतरवल्या, पट्ट्या सोडल्या आणि गोधड्या न बघताच ओढून ओसरीवर फेकल्या. मग हात लावून पाहिला. बॉनेटभर बारीक बारीक रेघा उठल्या होत्या. गोधडीचा धावदोरा, टाक्याला टाका, ओळीला ओळ, जसाच्या तसा कच्च्या रंगात छापला गेला होता. कडेला तर आणखीनच, तीन बोटांचे ठसे, ओळीनं. मी टॉर्च मारून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. गोधड्या घालायच्या आधी साळुंक्या नाचून गेल्या होत्या म्हणजे. आगीतून फुफाट्यात यालाच म्हणतात.

सकाळी पेंटरला बोलावलं. त्यानं बॉनेट पाहिलं, डोकं खाजवलं. "मॅडम, पॉलिशनं जाईन हे. पण आता पॉलिश माराल तं रंगच सुटून येईन. उन्हाळ्यात आणा." मग सासूबाईंकडे वळून म्हणाला, "आजी, झाकायले कोणी सांगतलं होतं?"

"तुमीच तं सांगतलं. बाळंतीण म्हणून."

पेंटर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, इकडे बघू नका, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, भोगा आता. पण भोगायचं मलाच होतं. लग्न तोंडावर आलेलं. भाचीला फोन करून सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "तू ये तर खरं गाडी घेऊन." मी रागानं सकाळी जेवले नाही आणि संध्याकाळी दुप्पट जेवले. सासूबाईंशी बोलणं बंद केलं. त्यांना ते समजलंच नाही. माझ्या ताटात भाकरी वाढत म्हणाल्या, "शिकवून शिकवून घसा बसला वाट्टे तुया."

लग्नाच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. शेजारी सासूबाई, मागे हे आणि आहेर. मूर्तिजापूर मागे पडलं, बोरगाव आलं, ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन पुढे गेले आणि मी प्रत्येकापासून इतकं अंतर ठेवून चालवत होते की एका सायकलवाल्यानंही आम्हाला मागे टाकलं. उन्हात गाडी डाळिंबासारखी चमकत होती. लांबून काही दिसत नव्हतं. पण दादा लांबून बघणाऱ्यातला नाही, हे माझ्यापेक्षा कोणाला जास्त माहीत.

कार्यालयाच्या दारात ती पांढरी गाडी उभीच होती, वर फुलांच्या माळा, पुढे बाहुला-बाहुली. दादा फेटा बांधून बाहेर आला. आमची गाडी पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे वा," म्हणाला. आत खिडकीत मेंदीचे हात जाळीला लावून भाची उभी होती. मी चावी मुठीत घट्ट धरली. दादानं तळहात बॉनेटवर ठेवला आणि फिरवला.

हात अर्ध्यात थांबला. परत मागे गेला. परत पुढे आला, या खेपेला अगदी सावकाश. मग तो वाकला आणि कडेच्या त्या तीन बोटांच्या ठशांवर त्यानं बोट ठेवलं. एका ठशावर, मग दुसऱ्यावर.

"हे काय हाये?"

नेहमीसारखी मी गोष्ट सांगितली. "साळुंक्या चालल्या रे. मी एवढं हाकलत होते, पण..."

"पाखरं नाहीत हे," दादा म्हणाला. "हा आईचा टाका हाये."

आमची आई गोधडी शिवायची तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन बारके टाके घालायची, दोरा उसवू नये म्हणून. त्याला ती चिमणीचा पाय म्हणायची. तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही, तो दादा ओवून द्यायचा. लहानपणी ताप आला की तो पांघरुणाच्या कडेवरून बोट फिरवत चिमण्या मोजायचा आणि मोजता मोजता झोपायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं शिवलेली शेवटची गोधडी माझ्या बाळंतपणात अमरावतीला आली होती. ती केव्हाच विरून गेली असणार, असं मी धरून चालले होते.

मी गाडीत बसलेल्या सासूबाईंकडे वळले. "आई, तुम्ही कोणती गोधडी घातली होती?"

"तुया मायची. पेटीत होती, डांबरगोळ्या घालून ठेवेल. अंगाले लागून तुया मायची, अन् वरून माया."

"पण तीच का?"

"कावून म्हणजे? गाडी तुया माहेरची हाये. माहेरच्या बाळंतिणीले माहेरचीच गोधडी घाला लागते." हे मला, शिकल्यासवरलेल्या बाईला, माहीत नाही याचं त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं.

मी तिथेच, लोकांच्या देखत, डोळ्याला पदर लावला. इतके दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. मी म्हटलं, "चला आत, चहा घेऊ." त्या म्हणाल्या, "घसा सुटला म्हणायचा."

पांढऱ्या गाडीला दादानं आंदणाची भांडी न्यायला लावलं. सजावटवाला डाळिंबी गाडीवर फुलं चिकटवायला चिकटपट्टी घेऊन आला, तर त्याला असा दरडावला की तो पट्टीसकट आचाऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. पॉलिशचा विषय मी काढला नाही. दादाच म्हणाला, "उन्हाळ्यात पॉलिशले नेशीन तं याद राख." ज्या माणसानं वर्षानुवर्षं माझा एकेक ओरखडा हातानं शोधला, तोच आता जाणाऱ्या-येणाऱ्याचा हात धरून बॉनेटवर ठेवत होता, पाहा, पाहा म्हणत. वरपक्षाच्या मंडळींनीही हात फिरवले. त्यांना काय वाटलं देव जाणे.

संध्याकाळी बिदाई झाली. भाची आधी आईच्या गळ्यात पडून रडली, मग दादाच्या. मग गाडीत बसण्याआधी पुढे आली, वाकली आणि त्या चिमण्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. तिनं आजीला पाहिलेलं नाही. मागच्या सीटवर जाऊन बसली, जिथे दहावीचा निकाल लागला तेव्हा बसली होती तिथेच, शेजारी नवरदेव. पुढे माझ्याजवळ सासूबाई. मी गाडी सुरू केली.

दादा बॉनेटपाशी उभा होता, तळहात टेकवून. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दिवसभर नव्हतं, सगळे रडले तेव्हाही नव्हतं. मी काचेतून म्हटलं, "दादा, हात काढ. परतवाडा लांब आहे."

"काढतो," म्हणाला आणि काढला नाही. मी हॉर्नकडे हात नेला तर सासूबाईंनी तो धरला.

"राहू दे वं थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "वरून सुकला दिसते. आतून कच्चा हाये तो."